रिलॅक्सर बंद केल्यानंतर: सरळ आणि कुरळ्या केसांचा सांधा कसा सांभाळायचा

रिलॅक्सरने (कुरळे केस सरळ करणाऱ्या रसायनाने) किंवा रिबॉन्डिंगने सरळ झालेला केस पुन्हा कुरळा होत नाही. ही गोष्ट आधी पक्की मनात बसवून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि महिने इथेच वाया जातात: ‘मूळ कर्ल परत आणणारे’ मास्क, सीरम, तेलं, आंघोळीआधीचे लेप. डोक्याबाहेर आलेल्या केसात जिवंत पेशीच नसतात, त्यामुळे तो स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. कुरळेपणा येणार तो मुळातून उगवणाऱ्या नव्या केसांतून. जुना सरळ भाग कधी ना कधी कापावा लागतोच. तो आज कापायचा की वर्ष-दीड वर्षाने, आणि तोवर एकाच डोक्यावर दोन स्वभावांचे केस कसे नांदवायचे, एवढंच आपल्या हातात आहे.

आधी नेमकं काय केलं होतं ते शोधा. केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा असतो आणि त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे मजबूत बंध गंधकाचे असतात. रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, किंवा ‘नो-लाय’, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड नसलेल्या प्रकारात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन कार्बोनेट एकत्र करून ग्वानिडिन हायड्रॉक्साइड तयार केलं जातं. दोन्हींचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणा मोजणारा आकडा, १२ ते १४ च्या घरात, अतिशय अल्कधर्मी. हे रसायन दोन गंधकांच्या बंधातला एक गंधक काढून टाकतं आणि उरतो तो लॅन्थिओनिनचा बंध, जो पुन्हा पूर्वीसारखा करता येत नाही. रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंगची तऱ्हा वेगळी. तिथे बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, पीएच ९ च्या आसपास. ते बंध तोडतं, मग केस इस्त्रीने सरळ करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या न्यूट्रलायझरने बंध नव्या जागी जोडतात. परिणाम दोन्हींचा कायमचा.

हा फरक माहीत असणं कामाचं आहे. हायड्रॉक्साइडने सरळ केलेल्या केसांवर थायोचं (थायोग्लायकोलेटचं) रसायन लागलं, किंवा उलट झालं, तर केस हातात तुटून येतो. त्यामुळे ‘मुळं जरा सैल करून देतो, हे सौम्य आहे’ असं कुणी म्हटलं तर ते सौम्य म्हणजे नेमकं काय, हे विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नका. नो-लाय रिलॅक्सर वापरत असाल तर केसांवर कॅल्शियमचा थर बसलेला असतो, म्हणूनच ते केस तेल लावूनही राठ लागतात. यावर ईडीटीए असलेला चीलेटिंग (असे क्षार पकडून काढणारा) शाम्पू महिन्यातून एकदा लावला की फरक पडतो. साधा शाम्पू हा थर पुरता काढत नाही.

केराटिन ट्रीटमेंट केलेल्यांचं थोडं निराळं आहे. ती साधारण तीन ते पाच महिन्यांत उतरते आणि काहींचे कर्ल बऱ्याच अंशी परत येतात. पण ती बसवताना २०० अंशांच्या वर तापलेली इस्त्री केसांवरून अनेकदा फिरलेली असते. ट्रीटमेंट उतरल्यावरही जो भाग सरळच राहतो तो उष्णतेने बिघडलेला असतो, आणि त्यालाही पुढचं सगळं लागू आहे. त्यातल्या काही उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं, जे कर्करोगकारक म्हणून निश्चित झालेलं आहे. ‘मधला काळ सोपा जावा म्हणून एकदा केराटिन’ हा सल्ला म्हणूनच मला मुळीच पटत नाही.

आरोग्याचा मुद्दा बऱ्याच जणींच्या मनात असतो, म्हणून तेही थोडक्यात. अमेरिकेतल्या सिस्टर स्टडी या महिलांच्या आरोग्यावरच्या अभ्यासात ३३,४९७ महिलांकडे जवळजवळ ११ वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केस सरळ करणारी उत्पादनं आधीच्या वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरलेल्या महिलांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून अधिक दिसलं. वयाच्या सत्तरीपर्यंत हा कर्करोग होण्याचा अंदाज कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आणि वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के होता. हा केवळ दिसलेला संबंध आहे, या उत्पादनांमुळेच कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि मुळात हा आजार फार सर्रास आढळणारा नाही. घाबरून जाण्याचं कारण नाही. पण ‘दर दोन महिन्यांनी मुळांना लावायचं’ हा नेम थांबवायला एवढं पुरेसं आहे.

आज कापायचं की थांबायचं

केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास. सहा महिन्यांनी हातात ६–७ सेंटिमीटर नवे केस असतील, आणि ते ओढून मोजलेले. कुरळे असल्यामुळे दिसतील त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी. घट्ट वळणाचे केस स्वतःत इतके आकसतात की ‘वाढच थांबली’ असं वाटायला लागतं. वाढ मोजायची तर एकच बट, दर वेळी तीच, ओली करून हलक्या हाताने ताणून पट्टीवर मोजा. आरशात बघून मोजू नका.

सरळ भाग एकदम कापून टाकायला ३ ते ५ सेंटिमीटर नवे केस पुरतात. हा निर्णय धाडसाचा म्हणून किंवा कुणी टाळ्या वाजवाव्यात म्हणून घेण्यात अर्थ नाही. तो केसांची अवस्था बघून घ्यावा. सरळ भाग जागोजागी तुटत असेल, टोकं पारदर्शक आणि विरळ दिसत असतील, ओला केस च्युइंगमसारखा ताणला जाऊन परत येत नसेल, तर त्या भागाला वर्षभर जपण्यात काही हाशील नाही. असा केस कापलेलाच बरा. उलट सरळ भाग धड असेल, लांबी सोडवत नसेल, कामाच्या ठिकाणी अगदी आखूड केस नको असतील, तर १२ ते १८ महिन्यांचा रस्ता अगदी रास्त आहे. फक्त तो ‘काहीच न करण्याचा’ रस्ता नाही. त्यात रोजची मेहनत कापण्यापेक्षा जास्त आहे.

या रस्त्यावर दर सहा ते आठ आठवड्यांनी दीड-दोन सेंटिमीटर कापत राहायचं. म्हणजे जेवढं मुळातून येतं साधारण तेवढंच खालून जातं, लांबी कायम राहते आणि सरळ भाग हळूहळू संपतो. लांबी वाढवायच्या लोभाने वर्षभर कात्री लावलीच नाही, तर टोकांना फाटे फुटतात, ते फाटे वर चढतात आणि शेवटी ठरवलं होतं त्याहून जास्त कापावं लागतं.

सांधा

या सगळ्या काळात खरी काळजी घ्यायची ती केसाच्या एकाच ठिकाणाची: जिथे नवा कुरळा भाग संपतो आणि जुना सरळ भाग सुरू होतो. एक केस उजेडात धरून बघा. वरचा भाग पीळ घेत आलेला, बोटांना किंचित खडबडीत लागणारा. मग एका जागी पीळ अचानक सुटतो आणि खाली गुळगुळीत, बारीक, सरळ धागा लोंबतो. त्या जागेवर बोट फिरवलं की जाडी बदललेली कळते. केस ओढला की वरचा भाग स्प्रिंगसारखा लांबतो, खालचा लांबत नाही, आणि सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. तुटतो तो तिथेच. त्यात आणखी एक अडचण असते. शेवटच्या एक-दोन वेळा रसायन लावताना ते आधीच्या सरळ भागावर चढलेलं असतं, त्यामुळे सांध्याच्या लगतचा पट्टा दोनदा भाजून निघालेला असतो.

केस गळतायत की तुटतायत, हे ओळखायला शिका. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असते आणि तो पूर्ण लांबीचा असतो. दिवसाला ५० ते १०० केस असे जाणं सामान्य आहे, आणि आठवड्याने विंचरलं तर आठवड्याचे एकदम निघतात, त्या गुंत्याने घाबरायचं कारण नाही. तुटलेल्या केसाला गाठ नसते. कंगव्यातले तुटलेले तुकडे सरळ आणि साधारण सरळ भागाच्याच लांबीचे असतील, तर सांधा तुटतोय. अगदी बारीक, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे असतील, तर टोकं झिजतायत आणि कात्री लावायची वेळ झालीय.

विंचरताना सांध्याला वाचवायची पद्धत सोपी आहे, पण घाईत ती कुणी पाळत नाही. कोरडे केस विंचरायचेच नाहीत. केसांचे सहा ते आठ भाग करा, प्रत्येकाला क्लिप लावा. एक भाग सोडून त्याला पाणी मारा आणि मोठा चमचाभर, सरकत राहील असा कंडिशनर लावा. आता डाव्या हाताच्या चिमटीत ती बट सांध्याच्या किंचित वर घट्ट धरा, जणू तिथे गाठ मारली आहे. उजव्या हाताने फक्त चिमटीखालचा सरळ भाग टोकाकडून वर येत सोडवा: आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने. तो मोकळा झाला की चिमूट वर, मुळाजवळ न्या आणि कुरळा भाग बोटांनीच सोडवा. सांध्यावर गुंता सापडला तर कंगवा घालू नका. आणखी थोडा कंडिशनर चोळा, मिनिटभर थांबा, आणि केस एकेक करून बाजूला ओढत मोकळे करा. मोकळा झालेला भाग लगेच सैल पिळून क्लिपमध्ये अडकवा, नाहीतर पुढचा भाग सोडवेपर्यंत हा पुन्हा गुंततो. खांद्यापर्यंतच्या दाट केसांना या कामाला पाऊण तास सहज लागतो. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी केस धुऊ नका, दुसऱ्या दिवशी धुवा.

धुण्याचा दिवस

आठवड्यातून एकदा, फार तर दहा दिवसांतून एकदा धुणं बहुतेकींना मानवतं. धुण्याआधी निदान अर्धा तास, किंवा आदल्या रात्री, खोबरेल तेल लावणं फायद्याचं. हे तेल केसाच्या आत शिरतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली होती, आणि केसांतून प्रथिनं वाहून जाणं केवळ खोबरेलानेच लक्षणीय कमी झालं. तेल मुख्यतः सरळ भागाला आणि सांध्याला लावा, कारण तोच झिजलेला आहे. डोक्याच्या त्वचेवर थापायची गरज नाही, कोंडा असेल तर तर नकोच.

शाम्पू एकास तीन पाणी घालून, टोकदार तोंडाच्या बाटलीत भरून, थेट त्वचेवर घाला. हे मिश्रण तेवढ्यापुरतंच करा, साठवून ठेवू नका. बोटांच्या पेरांनी त्वचा चोळा, नखांनी नाही, आणि केस डोक्यावर गोळा करून घुसळू नका. भाग केलेले, सैल वेण्या घातलेले केस तसेच ठेवून धुतले तरी फेस वाहत जाऊन लांबी पुरेशी स्वच्छ होते. गुंता निम्मा तिथेच वाचतो. मग कंडिशनर, मग वर सांगितलेलं विंचरणं, मग प्लॅस्टिकची टोपी घालून डीप कंडिशनर २० ते ३० मिनिटं. रात्रभर ठेवल्याने जास्त फायदा होतो असा समज आहे, तसं होत नाही. उलट केस तासन् तास ओले फुगलेले राहिल्याने आणखी नाजूक होतात. पुसायला जाड टॉवेल नको, जुना सुती टी-शर्ट घ्या, आणि पिळायचं नाही, दाबायचं.

प्रथिनं आणि ओलावा यांचा तोल हा या काळातला सगळ्यात चुकणारा भाग. सरळ भाग रसायनाने पोकळ झालेला असतो, त्याला अधूनमधून प्रथिनांचा आधार लागतो. नवा कुरळा भाग धडधाकट असतो, त्याला मुख्यतः ओलावा हवा असतो. सगळ्या डोक्याला एकच उपाय केला की एक भाग नाराज होतो. म्हणून हायड्रोलाइज्ड केराटिन, गहू किंवा रेशीम प्रथिन असलेला मास्क चार ते सहा आठवड्यांतून एकदा, सांध्यापासून खालीच लावा. पाकिटावर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा, धुवा, आणि त्यावर साधा मऊ करणारा मास्क २० मिनिटं लावा. दुसरी पायरी टाळली तर केस कडक होऊन तुटायला लागतात आणि दोष प्रथिनांना दिला जातो.

कधी काय हवंय ते केसच सांगतो. गळलेला एक ओला केस दोन बोटांत धरून हळू ताणा. धड केस ओला असताना मूळ लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने ताणला जातो आणि सोडल्यावर परत येतो. ताणतच गेला आणि लुळा पडला, तर प्रथिनं द्या. अजिबात न ताणता कट्कन तुटला, काडीसारखा लागला, तर प्रथिनं बंद करा आणि दोन-तीन वेळा केवळ ओलावा देणारे मास्क लावा. ही चाचणी दोन वेगळ्या केसांवर, सरळ भाग आणि कुरळा भाग वेगवेगळा ताणून करा. उत्तरं बहुधा वेगळी येतील.

दोन पोत एकसारखे दिसावेत म्हणून

चौथ्या महिन्यापासून खरी पंचाईत सुरू होते. मुळाशी फुगलेले, खाली चपटे. यावेळी हात इस्त्रीकडे जातो: मुळं सरळ केली की सगळं एकसारखं. नेमकं हेच टाळायचंय, कारण वारंवार तापवल्याने नव्या केसांचाही पीळ कायमचा सैल होतो आणि एवढे महिने जे वाढवलं तेच पुन्हा कापावं लागतं. दमट केसावर इस्त्री फिरवली तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथे तुटतो. एखाद्या प्रसंगाला वापरायचीच असेल तर केस पूर्ण कोरडे, उष्णतारोधक लावलेले, तापमान १८० अंशांच्या आत आणि एका बटेवरून एकदाच. दर आठवड्याला नाही.

उलटा विचार करा. मुळं सरळ करण्यापेक्षा टोकं वळवा. त्यासाठी वेण्या किंवा पीळ घालून सुकवणं आणि मग सोडणं ही पद्धत सगळ्यात भरवशाची. धुतलेल्या, नुसत्या दमट केसांचे आठ ते बारा भाग करा. प्रत्येकाला थोडं लीव्ह-इन (न धुता केसांत तसंच ठेवायचं कंडिशनर), मग त्यावर करंगळीच्या नखाएवढं क्रीम, मग जेल. मुळाशी एक-दोन इंच डोक्यालगत चपटा पीळ घ्या म्हणजे फुगवटा बसतो. तिथून पुढे तीन पेडी वेणी घाला. दोन पेडी पीळ सरळ टोकांवरून निसटतो, तीन पेडी टिकते. वेणी वर सैल, सांध्यापासून खाली जरा घट्ट. शेवटची पाच-सहा सेंटिमीटर कागदात गुंडाळून बारीक पर्म रॉडवर (केस गुंडाळायच्या नळीवर) वळवा. रॉडची जाडी तुमच्या नव्या कर्लच्या जाडीशी जुळवा. नवे केस पेन्सिलएवढ्या वळणाचे आणि रॉड अंगठ्याएवढा असेल तर फरक उठून दिसतो.

यात बिघडतं ते बहुतेक वेळा सोडताना. वेणी बाहेरून कोरडी लागते पण गाभा ओला असतो, आणि ओली वेणी सोडली की टोकं अर्ध्या तासात पुन्हा लोंबू लागतात, मुळं पिंजारतात. मानेजवळची सगळ्यात जाड वेणी आधी अर्धी सोडून बघा. गार किंवा दमट लागली तर परत घाला आणि थांबा, किंवा कमी उष्णतेवर डिफ्यूझरने (हेअर ड्रायरला लावायच्या, वारा पसरवणाऱ्या तोंडाने) पंधरा मिनिटं सुकवा. सोडताना बोटांच्या टोकांना दोन थेंब तेल लावा, वेणी खालून वर उलगडा, आणि प्रत्येक भाग बोटांनी दोनदाच फाडा, म्हणजे त्याच्या बारीक बटा वेगळ्या करा. जितकं जास्त फाडाल तितका आकार मोडतो.

जेल घरीही करता येतं. पाव कप जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर सात ते दहा मिनिटं सतत ढवळत शिजवा. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तारेचं झालं की लगेच, गरम असतानाच पातळ कापडातून किंवा नायलॉनच्या मोज्यातून गाळा. गार झाल्यावर ते गाळलं जात नाही, बियांना चिकटून बसतं. दाट हवं म्हणून जास्त शिजवू नका, तेही गाळता येत नाही. यात परिरक्षक नसतो, म्हणून फ्रिजमध्ये आठवडाभरच ठेवा आणि वास बदलला की टाकून द्या.

रात्री सॅटिनचा रुमाल किंवा उशीचा अभ्रा वापरा. सुती कापड ओलावा शोषतं आणि सांध्यावर घासतं. केस डोक्याच्या अगदी वर सैल गोळा करून कापडी बँड एकदाच फिरवला की वळणं दोन-तीन दिवस टिकतात. सकाळी पाण्याचा हलका फवारा पुरे, भिजवू नका.

बारीक वेण्या किंवा कृत्रिम केस जोडून दोन महिने निर्धास्त राहावं, असं अनेकींना वाटतं. चालेल, पण अटी आहेत. वेणी घालताना दुखलं, किंवा नंतर मुळाशी बारीक पुटकुळ्या आल्या, तर ती घट्ट आहे आणि त्याच दिवशी काढायची. दोन दिवसांत सैल होईल म्हणून सोसायची नाही. कानशिलांवरचे आणि कपाळावरचे केस सतत ओढले गेले तर तिथे टक्कल पडतं. सुरुवातीला ते भरून येतं, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर येत नाही. जोडलेले केस सहा ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि ते काढल्यावर केस ओले करण्याआधी मुळाशी जमलेला मळ आणि गळलेले केस बोटांनी सोडवून घ्या. तसाच पाण्याखाली धरला तर त्या जागी जटा होतात. आणि दोन वेळांच्या मध्ये दोन आठवडे केस मोकळे ठेवा.

रंगाच्या बाबतीत मी कडक आहे. सरळ भाग डोक्यावर आहे तोवर ब्लीच नको. आधीच मोडलेल्या बंधांवर ब्लीच आणखी बंध मोडतं, आणि त्याचा पहिला बळी सांधा असतो.

नवे केस पहिले काही महिने राठ, विचित्र, कुठल्याच वळणाचे नाहीत असे वाटतात. खाली लटकलेला सरळ भाग त्यांना ओढत असतो, म्हणून खरा पीळ दिसत नाही. ८–१० सेंटिमीटर होईपर्यंत ‘माझे केस अमुक प्रकारचे’ असं ठरवून त्या प्रकारची दहा उत्पादनं आणू नका. शिवाय एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकार असतात: मानेवर घट्ट, डोक्याच्या मध्यावर राठ, कानाजवळ जवळपास सरळ. तो दोष नाही आणि रसायनाचा उरलेला परिणामही नाही. मात्र मधोमध डोक्याची त्वचा चकाकणारी, गुळगुळीत दिसू लागली, तिथे आग होत असेल, किंवा केसांची मुळंच दिसेनाशी झाली असतील, तर तेल-मास्क करत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. व्रण पडणारं केसगळणं वेळेत थांबवलं तरच उरलेले केस वाचतात.

शेवटची कात्री

सरळ भाग पाच-सहा सेंटिमीटर उरला की बहुतेकींचा धीर सुटतो, आणि ते योग्यच आहे. तेवढ्या टोकांसाठी आणखी तीन-चार महिने गुंता सोडवण्यात अर्थ नसतो. कापताना केस ओले आणि स्वच्छ हवेत, त्यावर क्रीम किंवा जेल नको. ओले केले की कुरळा भाग आकसून वर जातो, सरळ भाग खाली लोंबतो आणि रेषा स्वतःहून दिसते. दोन बोटांएवढ्या जाड बटा घ्या, बट ताणू नका, आणि सांध्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, कुरळ्या बाजूला कापा. अगदी सांध्यावर कापलं तर कमकुवत टोक राहतं आणि त्याला महिन्याभरात फाटे फुटतात. कात्री केसांची, धारदार हवी. कागद कापायच्या कात्रीने टोक चेपतं. मागची बाजू स्वतः कापू नका, दुसऱ्याचे हात घ्या, आणि कापणाऱ्याला आधी स्पष्ट सांगा की आकार द्यायचा नाही, फक्त सरळ भाग काढायचा आहे. आकार दोन-तीन आठवड्यांनी, केस आपल्या वळणावर बसले की, कोरड्यावर कापून द्यावा.

एकदा कापून सगळं निघत नाही. पुढच्या दोन-तीन धुण्यांत कानामागे आणि मानेवर सुटलेली एखादी सरळ काडी सापडतेच. केस ओले असताना ती दिसली की तिथेच कापा. जेल आणि कंडिशनर पूर्वीच्या निम्म्याने सुरू करा. लांबी कमी झाली आहे आणि सरळ भाग जेवढं प्यायचा तेवढं नवे केस पीत नाहीत, त्यामुळे जुन्याच मापाने लावलं तर ते चिकट आणि जड होतात. प्रथिनांचा मास्क आता महिन्याच्या वेळापत्रकाने लावू नका, ताणण्याच्या चाचणीत केस लुळा पडला तरच लावा. विंचरताना मधली चिमूट लागणार नाही, पण टोकाकडून वर येणं आणि कोरड्यावर कंगवा न घालणं पुढेही तसंच ठेवा.